आठव्या आठवड्याची गोष्ट

मालिकेत डोहाळजेवणाची तयारी सुरू झाली की माझी मावशी सोफ्यावर पुढे सरकून बसते. झोपाळ्याला फुलं बांधली जातात, नायिकेच्या अंगावर हिरवी साडी आणि मोगऱ्याचे दागिने येतात, आणि मावशी जाहीर करते, "आता ही पडणार बघ." आणि ती पडतेच. कधी जिन्यावर तेल सांडलेलं असतं, कधी जाऊ धक्का देते, कधी केशरी दुधात कसलीशी पूड असते. नायिकेचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दिसतो. नवरा ऑफिसमधून धावत येतो. डॉक्टर दारातून बाहेर येऊन मान खाली घालतात. "आय ॲम सॉरी."

गेल्या वर्षी मी पंधरा दिवस मावशीकडे राहायला होते आणि त्या पंधरा दिवसांत दोन वेगवेगळ्या मालिकांत दोन नायिका अशा पडल्या. एरवी मी हसले असते. तेव्हा मला हसायला येत नव्हतं, म्हणून मी समीक्षक झाले. दोन्ही वेळा सातवा महिना, दोन्ही वेळा जिना, दोन्ही वेळा घरातलीच एक बाई जबाबदार. मी मोबाइलवर टिपून ठेवलं आणि मग शोधत गेले, की ही गोष्ट आली कुठून.

मराठी मालिकांना शिव्या घालणं सोपं आहे, पण हा जिना त्यांचा नाही. मार्गारेट मिचेलच्या १९३६च्या 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेट रेटवर धावून जाते, तोल जातो, जिन्यावरून कोसळते आणि मूल जातं. १९३९च्या सिनेमात तो जिना लाल गालिच्यासकट दिसतो. 'डाउनटन ॲबी'च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी लेडी कोराची दासी तिच्या टबाशेजारी साबणाची वडी सरकवून ठेवते. आपल्या हिंदीत 'चोरी चोरी चुपके चुपके' आहे, २००१चा. त्यात राणी मुखर्जीच्या पात्राचा गर्भपात होतो, ती पुन्हा कधीच आई होऊ शकणार नाही असं कळतं, आणि तिथून सगळी कथा सुटते. गर्भपात म्हणजे कायमचं दार बंद, हेही सिनेमानेच शिकवलेलं. प्रत्यक्षात एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं गर्भारपण नीट पार पडतं.

मालिकांत अपघात मोठ्या पोटाला होतो. कारण मोठं पोट पडद्यावर दिसतं. आणि त्याला एक कारण असतं, कारण कारण नसेल तर पुढचा भाग कशावर चालवायचा?

आता खरा हिशेब मांडते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे 'चौथा आठवडा' म्हणतात तेव्हा गर्भ राहून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. १९८८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. २२१ निरोगी बायकांनी महिनोन्‌महिने रोजच्या लघवीचा नमुना साठवला. त्यातून १९८ गर्भधारणा सापडल्या. त्यांतल्या २२ टक्के, दिवस गेलेत हे कळायच्या आधीच संपल्या होत्या. त्या बायकांना वाटलं असेल की पाळी आली. नंतर कळून-सवरून झालेले गर्भपात त्यात मिळवले तर आकडा ३१ टक्क्यांवर जातो. पाळी चुकल्यानंतरचं, म्हणजे ठाऊक झालेलं गर्भारपण घेतलं, तर साधारण १५ टक्के गर्भपातात संपतात. २०२१मध्ये 'लॅन्सेट'ने जगभरची गोळाबेरीज करून सांगितलं की ही संख्या वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख भरते.

आणि यांतले दहापैकी आठ पहिल्या बारा आठवड्यांत होतात. बाराव्यानंतर धोका एक-दोन टक्क्यांच्या आसपास येतो. सातव्या महिन्यात जे होतं त्याला वैद्यक गर्भपात म्हणतही नाही. सातव्यात जन्मलेलं मूल आज नवजात अतिदक्षता विभागात वाचू शकतं. थोडक्यात, मालिका ज्या जिन्यावर बाईला ढकलतात तिथवर ती पोचली असेल तर डोंगर जवळजवळ चढून झालेला असतो. निसरडी वाट खाली, अगदी पायथ्याशी असते. तिथे झोपाळा नसतो, साडी नसते, घरातल्या अर्ध्या लोकांना पत्ताही नसतो.

कारणांचंही तसंच. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांत तरी गर्भाच्या गुणसूत्रांची गडबड असते. बीज एकत्र येतानाच हिशेब चुकलेला असतो आणि तो पुढे कुठेतरी थांबतो. त्यात जावेचा हात नसतो. स्कूटरचा, उचललेल्या बादलीचा, नवऱ्याशी झालेल्या भांडणाचाही नसतो. पलंगावर पडून राहिल्याने असा गर्भपात टळतो, याचाही पुरावा संशोधकांना मिळालेला नाही. वय मात्र मोजावं लागतं. नॉर्वेतल्या सव्वाचार लाखांच्या आसपास गर्भारपणांचा २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पंचवीस ते एकोणतीस वयात धोका सगळ्यांत कमी, १० टक्के. पंचेचाळीसच्या पुढे ५३ टक्के. म्हणजे आलेखाचा उतार सगळ्यांना सारखा, पण कोण किती उंचावरून निघते ते वेगळं.

मी एकतिसाव्या वर्षी, टेस्टवर दोन रेघा पाहिल्यावर निघाले.

इंटरनेटवर एक प्रकारचा तक्ता मिळतो. शेवटच्या पाळीची तारीख टाकली की तो आजचा आकडा सांगतो: आज गर्भपाताची शक्यता इतके टक्के, काल इतके होती, उद्या इतके असेल. मी तो रोज उघडायचे. ऑफिसच्या बसमध्ये, भाजी चिरताना, रात्री दोनला बाथरूममध्ये. या आकड्यांच्या मागे खरे अभ्यास आहेत. त्यांतला एक ऑस्ट्रेलियातला, २००८चा: जिना हिंडणं-फिरणं व्यवस्थित, रक्तस्राव नाही, आणि सोनोग्राफीत ठोके दिसले आहेत अशा ६९६ बायका. सहाव्या आठवड्यात ठोके दिसले तर पुढे गर्भपात होण्याचा धोका ९.४ टक्के. सातव्यात ४.२. आठव्यात १.५. नवव्यात ०.५.

सात आठवडे दोन दिवसांना आम्हांला ठोके दिसले. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशा पाटीखाली बसून मी फॉर्मवर सही केली होती आणि नवरा बाहेर पार्किंगचे सुट्टे पैसे शोधत होता, म्हणून ते आधी मी एकटीने पाहिले. काळ्या डबक्यात एक पांढरा ठिपका लुकलुकत होता. बाहेर आल्या आल्या मी तक्ता उघडला. ४.२. त्यानंतरचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आज्ञाधारक आठवडे होते. आकडा उतरत गेला आणि मी त्याच्याबरोबर पायरी पायरी उतरत गेले. आठवा, १.५. नववा, ०.५. अर्धा टक्का. मी आईला फोन करून म्हणाले, "आता सांगितलंस तरी चालेल." आई म्हणाली, "तिसरा पुरा होऊ दे की गं."

दहाव्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे थोडा वळवून घेतला. वाढ आठ आठवडे तीन दिवसांना थांबली होती. मला उलट्या होत होत्या, छाती दुखत होती, सगळी लक्षणं जागच्या जागी होती. शरीराला कळायला वेळ लागतो. म्हणजे मी ज्या दिवशी अर्धा टक्का वाचून आईला फोन केला, त्या दिवशी आत काहीच नव्हतं.

आकडा खोटा होता का? नाही. हेच मला समजून घ्यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि या लेखाचं कारणही तेच आहे. नवव्या आठवड्याचे ०.५ टक्के हे ज्यांच्या पोटात नवव्या आठवड्यात ठोके चालू होते त्यांचे होते. मी त्या मोजणीत नव्हतेच. आठव्या आठवड्यात थांबलेल्या सगळ्या आधीच त्या आलेखातून बाहेर पडलेल्या असतात. ती रेघ खाली येते, कारण प्रत्येक आठवड्याला तिच्यातून आमच्यासारख्या गळतात, आणि उरलेल्यांचं खरोखरच ठीक चाललेलं असतं. तक्त्याला माझी फक्त तारीख ठाऊक होती. त्याने मला शेवटपर्यंत उरलेल्यांतच धरलं.

समीक्षक म्हणून बोलायचं, तर तो तक्ता मालिकेपेक्षा कितीतरी चांगला मजकूर आहे. तो कुणावर आळ घेत नाही. पपई खाल्लीस का विचारत नाही. गर्भारपणात काहीही होऊ शकतं हे तो दशांश चिन्हासकट मान्य करतो. पण एखादी गोष्ट रोज थोडी थोडी कमी होत जाणार असेल, तर वाचणाऱ्याला ती आपल्या पायांनीच कमी होते आहे असं वाटायला लागतं. मी टिकले म्हणून आकडा उतरला, मी नीट वागले म्हणून उतरला. आणि मग जे घडलं ते माझ्याच हातून घडलं, असं मन उलट्या दिशेने वाचायला लागतं. जिना नसलेल्या गोष्टीत मी स्वतःच जिना बांधला. गुरुवारी मी धावत बस पकडली होती. तो आठ आठवडे तीन दिवसांचाच दिवस होता का? मी कॅलेंडर काढून मोजलं.

गर्भारपणाच्या ॲपचं काय सांगू. तीही एक कादंबरीच असते, आणि तिला एकच शेवट ठाऊक असतो. सहाव्या आठवड्यात मसुरीएवढं, सातव्यात वाटाण्याएवढं, आठव्यात राजमा, नवव्यात द्राक्ष. सोनोग्राफीनंतर तीन दिवसांनी, औषधाचा पहिला डोस घेऊन मी मावशीकडे पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडले होते तेव्हा फोन वाजला: "अभिनंदन! या आठवड्यात तुमचं बाळ खजुराएवढं झालंय." ही कादंबरी मध्येच थांबवायची सोय होती, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, 'खाते' या शीर्षकाखाली.

खजूर, द्राक्ष हे वाचून मला सारखी आमची बाग आठवत होती. माझे बाबा रत्नागिरीकडे हापूस लावतात. त्यांच्या फोनवर हंगामात कृषी सल्ले येतात आणि त्यांतही फळांची मापं अशीच असतात: वाटाण्याएवढी, गोटीएवढी, अंड्याएवढी. फळगळ झाली तर ती कोणत्या आकाराची, त्यावर सगळं ठरतं. वाटाण्याएवढी फळं झाडाखाली सडा घालून पडली तरी बाबा त्याकडे पाहत नाहीत. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं येतात, उतरतात एक-दोन आंबे. पण अंड्याएवढी कैरी गळायला लागली की त्यांची झोप उडते. बाबांना तो आलेख न शिकता ठाऊक आहे. सुश्रुताने तर ही तुलना केलेलीच आहे: कीड, वारा, आघात यांनी फळ जसं अवेळी देठापासून सुटतं, तसा गर्भ. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो स्राव, पाचव्या-सहाव्यात शरीर घट्ट झाल्यावर जातो तो पात, असा फरकही त्याच्याकडे आहे. अर्थात त्याच प्रकरणात प्रवास, वाहन, ठेचकाळणं, पडणं अशी कारणांची लांबलचक यादीसुद्धा आहे. फळाची उपमा सुचलेल्या माणसालाही यादी केल्यावाचून राहवलं नाही.

आणि बाबांची उपमा मला पुरत नाही ते वेगळंच. झाडाला तुरे असतात. मला एकच होता.

मराठीत या सुरुवातीच्या जाण्याला नीट शब्दही उरलेला नाही. 'गर्भस्राव' वैद्यांच्या पुस्तकात राहिला. गर्भपात झाला आणि गर्भपात केला, दोन्हीला एकच नाम. माझ्या फाइलवर 'मिस्ड ॲबॉर्शन' लिहिलं होतं. सासूबाईंनी ते वाचलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही दोघांनी ठरवून...?" मी म्हटलं, "नाही हो आई, हे आपोआप झालेल्यालाच म्हणतात." त्यांना पटायला एक दिवस गेला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कागदावर तसंच लिहिलं होतं.

आपल्या चालीरीतींना मात्र आलेख ठाऊक असावा. काही घरांत तिसऱ्या, काही घरांत पाचव्या महिन्यात चोरचोळी करतात. गुपचूप, घरातल्या घरात, गावाला न कळवता. नावातच चोर. झोपाळा आणि वाडीभर बायका सातव्यात. म्हणजे जोवर धोका मोठा तोवर लपवा, उतरला की मिरवा. शहाणपणाचंच आहे, आणि आईचं 'तिसरा पुरा होऊ दे' हेही त्यातलंच. फक्त त्याचा अर्थ असा होतो, की जाण्याची शक्यता ज्या दिवसांत सगळ्यांत जास्त, त्याच दिवसांत बाई सगळ्यांत एकटी. गेलं, तर आधी 'होतं' हे सांगायचं आणि त्याच वाक्यात 'गेलं' हेही. मी असं सात जणांना सांगितलं. सातही जणांना आधी अभिनंदन करावं की नंतर सांत्वन, ते कळेना.

पुराणांत शोधलं तर दोन गोष्टी सापडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एक दितीची. इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून ती कडक व्रत धरते, आणि एका संध्याकाळी थकून पाय न धुता झोपते. तेवढ्या एका चुकीतून इंद्र आत शिरतो आणि गर्भाचे आधी सात आणि मग एकोणपन्नास तुकडे करतो. तुकडे जगतात, मरुद्गण होतात, पण ऐकणारीच्या लक्षात राहतात ते न धुतलेले पाय. 'तू काय केलंस?' या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं. दुसरी देवकीची. तिचा सातवा गर्भ योगमाया काढून रोहिणीच्या पोटात ठेवते, आणि मथुरेतले लोक हळहळतात की देवकीचा गर्भ गळला. इथे गर्भपात हा निव्वळ देखावा आहे, मूल दुसरीकडे सुखरूप वाढतं आहे. लहानपणी ही गोष्ट मी बलरामाची म्हणून ऐकली. आता मला ती त्या हळहळणाऱ्या लोकांची वाटते. देवकीच्या बाबतीत निदान गावाला कळलं तरी होतं.

मग मी आठव्या आठवड्याची गोष्ट शोधायला लागले. जिला खलनायक नाही, पोट नाही, दाखवायला काही नाही, अशी. शोधताना फ्रीडा काहलोचं 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' समोर आलं. चित्र १९३२चं, धातूच्या पत्र्यावर तैलरंगांत, सुमारे तीस बाय अडतीस सेंटिमीटर, म्हणजे एका मोठ्या ताटाएवढं. डेट्रॉइटमध्ये साडेतीन महिन्यांच्या आसपास तिचा गर्भपात झाला. चित्रात ती पलंगावर उघडी पडली आहे, चादरीवर रक्त, डोळ्यात एक भलामोठा अश्रू, मागे क्षितिजावर फोर्डचा कारखाना. तिच्या हातातून सहा लाल दोऱ्या निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक वस्तू तरंगते: गर्भ, शरीराचा गुलाबी नमुना, कटीचं हाड, एक यंत्र, दिएगोने दिलेलं ऑर्किड. आणि गोगलगाय.

गोगलगाय का, तर गर्भपाताचा संथपणा म्हणून, असं तिने स्वतःच सांगून ठेवलंय. मी हे वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. मालिकेतला जिना एका सेकंदात संपतो. खरं जाणं संपत नाही. औषध घ्या, वाट पाहा, रक्त मोजा, आठवड्याने पुन्हा या, अजून थोडं राहिलंय, पुन्हा या. माझे एकूण एकोणीस दिवस गेले. हा वेळ कुणी बरोबर पकडला असेल तर त्या चित्राने. आणि त्यात दोषी कुणीच नाही. कारखाना दूर आहे, यंत्र आहे, हाड आहे. १९२५च्या बस अपघातात तिच्या कटीचा चुरा झाला होता, म्हणजे कारण म्हणून बोट दाखवायला तिच्याकडे माझ्यापेक्षा भक्कम काहीतरी होतं. तरी तिने ते हाड इतर पाच वस्तूंसारखंच एका दोरीला बांधून हवेत सोडलं. सगळ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या वाटतात मला.

तक्रार एकच आहे. चित्रातला गर्भ मोठा आहे, पूर्ण घडलेला, मुलगा आहे हे दिसेल असा. तिने त्यासाठी वैद्यकीय पुस्तकं मागवून घेतली होती. शोकाला शरीर लागतं, हे तिलाही सुटलं नाही.

एरिअल लेव्हीचा 'थँक्सगिव्हिंग इन मंगोलिया' हा लेख २०१३मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये आला. पाच महिन्यांची गर्भार असताना ती वार्तांकनासाठी उलानबातरला गेली आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये तिला मूल झालं. ते काही मिनिटं जगलं. तिने फोनवर त्याचा फोटो काढला. विमानप्रवासामुळे हे झालं नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही ती स्वतःला सोडत नाही, आणि हा भाग तिने कुठेही मऊ न करता लिहिला आहे. आलेखाच्या अगदी शेवटच्या, पातळ भागात ती उभी आहे. शंभरांत एखादी. टक्केवारी कितीही लहान असली तरी ज्या बाईवर येते तिच्यावर पुरी येते, हे त्या लेखाइतकं स्पष्ट मी कुठे वाचलं नाही. या विषयावर मी वाचलेल्यात तो सर्वांत ताकदीचा आहे, हे मान्य करून एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. तो रात्री अंथरुणात वाचताना मला तिचा हेवा वाटला. तिच्याकडे फोटो होता. ती तो लोकांना दाखवायची. माझ्याकडे सोनोग्राफीचा एक चिटोरा होता, थर्मल कागदावरचा, पाकिटात ठेवला तर तोही वर्षभरात फिका पडतो. पडलाय.

कायदा या बाबतीत गोष्टींपेक्षा उदार आहे, याचं मला आश्चर्य वाटलं. १९६१चा मातृत्व लाभ कायदा गर्भपाताची व्याख्या करताना सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा कोणताही काळ धरायचा, आणि नंतर सहा आठवड्यांची पगारी रजा द्यायचा. सातवा असो की पंचविसावा. पुरावा मात्र द्यावा लागतो. मी रजा घेतली नाही. घ्यायची तर आधी ऑफिसात 'होतं' म्हणून सांगावं लागलं असतं. मी वर्क फ्रॉम होम टाकलं, कारण लिहिलं 'व्हायरल', आणि बॅग भरून मावशीकडे गेले.

माझी आजी मुलं मोजायची तेव्हा असं मोजायची: "आठ झाली, पाच राहिली." उरलेली तीन म्हणजे जन्मून गेलेली असतील असं मी धरून चाललं होतं. मावशीकडच्या त्या दिवसांत कळलं की एकच जन्मून गेलं होतं. दोन "कच्ची पडलेली", दोन-अडीच महिन्यांची. आजीने ती आठांत धरली होती. तिच्याकडे ना चित्र होतं ना ठोके, टेस्टही नव्हती. पाळी दोनदा चुकली आणि मग एक दिवस परसात रक्त गेलं, एवढ्यावर तिने मोजलं. शोधून शोधून सापडलेली आठव्या आठवड्याची गोष्ट ती एवढीच, चार शब्दांची, आणि मी ती पंचवीस वर्षं चुकीची ऐकत होते.

हे मावशीने सांगितलं तेव्हा टीव्ही चालूच होता. दुसऱ्या मालिकेतली दुसरी नायिका नुकतीच पडली होती. मी थोडी चिडूनच म्हटलं, "मावशी, तुला माहितीये ना, असं नसतं ते?"

"मला नाही तर कुणाला माहिती असणार," ती म्हणाली. "नितीनच्या आधी माझंही गेलं होतं. अडीच महिन्यांचं. दुपारी गेलं, संध्याकाळी मी पोळ्या लाटल्या. तुझ्या काकांना रात्री सांगितलं."

मला काही सुचेना. मग मी विचारलं, "मग तू हे असलं बघतेस तरी कसं?"

तिने रिमोट उचलून आवाज थोडा वाढवला. पडद्यावर सासू, नणंद, दीर, शेजारीण, सगळे जिन्याकडे पळत होते.

"ती पडते ना," मावशी म्हणाली, "तेव्हा सगळे धावत येतात."